घरची बिअर: स्वयंचलित ब्रूअरी बांधावी की हातानेच करावी?

वर्टमान | शनिवार, सकाळी ९:१२

मंडळी, एक सल्ला हवा आहे. धागा लांब आहे, निवांत वाचा.

मी मिनेसोटात राहतो. गेली काही वर्षं घरी बिअर करतोय. सामान साधंच: दहा गॅलनचं स्टीलचं पातेलं, पिकनिकला नेतात तो मोठा कूलर (तळाशी जाळी बसवून त्यातच मॅश), प्रोपेनची शेगडी, वर्ट गार करायला तांब्याच्या नळीचं वेटोळं आणि आंबवायला घट्ट झाकणाची बादली. एका वेळी १९ लिटर निघते.

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भरडलेला मॉल्ट (मोड आणून वाळवलेला जव) ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचा, हाच मॅश. त्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. ते गोड पाणी, म्हणजे वर्ट, निथळून घ्यायचं, हॉप्स (कडवटपणा देणारी वेलीची फुलं) घालून तासभर खळखळ उकळायचं, झटपट २० अंशांपर्यंत गार करायचं, यीस्ट टाकायचं आणि दोन आठवडे वाट बघायची. (सगळे अंश सेल्सियस. इथे राहूनही फॅरनहाइट काही डोक्यात बसत नाही.)

आता दुखणी. प्रोपेन घरात पेटवता येत नाही, कार्बन मोनॉक्साइडने माणूस बसल्या जागी जायचा. म्हणून सगळा संसार ड्राइव्हवेवर. जानेवारीत बाहेर उणे २०, होजमधलं पाणी गोठलेलं. मग पातेलं बर्फात पुरायचं. ऐकायला भारी वाटतं, पण पातेल्याभोवतीचा बर्फ वितळून पोकळी होते, हवा अडकते, आणि तासाभराने बघावं तर वर्ट कोमटच.

दुसरं म्हणजे शनिवारचे सहा तास जातात. मुलं लहान आहेत, त्यांच्या पोहण्याच्या वेळा सांभाळून मॅश लावायचा म्हणजे कसरत.

तिसरं आणि मुख्य: सातत्य नाही. एकच पेल एल, तोच मॉल्ट, तेच कॅस्केड हॉप्स, तेच सुकं यीस्ट. ऑक्टोबरमधली अशी झाली की शेजारी रिकामा ग्रोलर (बिअर न्यायची मोठी बाटली) घेऊन दारात उभा. ऑगस्टमधली प्यायली तर आधी पिकलेलं केळं आणि मागून नेलपॉलिश.

म्हणून तळघरात विजेवरची ब्रूअरी बांधायचं डोक्यात आहे. तीन भांड्यांचं हर्म्स: गरम पाण्याच्या भांड्यात स्टीलच्या नळीचं वेटोळं, मॅशमधलं वर्ट पंपाने त्या वेटोळ्यातून फिरवत राहायचं, म्हणजे मॅशचं तापमान हवं तिथे धरता येतं. गरम पाण्याला ५५०० वॉटचं एक एलिमेंट, उकळायच्या पातेल्याला दुसरं. दोन पंप, तापमानाचे पीटी१०० सेन्सर, रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर), मोबाइलवर आलेख. पहाटे पाचला पाणी आपोआप तापायला लागेल, मी सातला उठून मॉल्ट टाकणार. सगळं धरून तीन हजार डॉलरच्या आसपास जाईल. एक एलिमेंट घेऊनही ठेवलंय.

तर विचारायचं ते हे: बांधू? की पातेलं-कूलर बरं आहे? दोन्ही केलेल्यांनी बोला.

खवय्या_नं_१ | ९:४०

वाचनखूण साठवली आहे. बिअर पिण्यापलीकडे ज्ञान शून्य. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

चार_ते_वीस | १०:०५

वर्टमान, माझं आयुष्य इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेलं, त्यातली काही वर्षं वाळूजच्या एमआयडीसीत बिअरच्या कारखान्यात. आता निवृत्त आहे, म्हणून प्रतिसाद लांब.

आधी वीज. ५५०० वॉट म्हणजे २४० व्होल्टवर २३ अँपिअर. तुम्ही बहुतेक कपड्यांच्या ड्रायरच्या ३० अँपिअरच्या लाइनवर डोळा ठेवून आहात. त्यावर एका वेळी एकच एलिमेंट चालेल. दोन्ही एकदम लागणार नाहीत असा सिलेक्टर स्विच पॅनेलमध्येच हवा, ते काम सॉफ्टवेअरवर सोडू नका. घर १९९६ च्या आधीचं असेल तर सॉकेट तीन पायांचं असण्याची शक्यता आहे, त्यात वेगळं अर्थिंग नसतं. ते आधी बदला. जीएफसीआय ब्रेकर (वीज गळली की क्षणात तोडणारा) हवाच. हात ओले, फरशी ओली आणि बाजूला २४० व्होल्ट, तिथे काटकसर नको.

दुसरं: रास्पबेरी पाय ज्या एसएसआरने (इलेक्ट्रॉनिक स्विच) एलिमेंट चालू-बंद करणार, तो एसएसआर बिघडला की बहुधा ‘चालू’ अवस्थेतच अडकतो. स्क्रीनवर शून्य टक्के दिसत असतं आणि एलिमेंट पूर्ण पेटलेलं असतं. म्हणून त्याच्या आधी एक साधा कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा दणकट स्विच) आणि लाल बटण. पहाटे पाचला आपोआप चालू होण्याबद्दल तर बोलतच नाही. रात्री भांड्यात पाणी भरायचं राहिलं, किंवा खालचा व्हॉल्व्ह गळत राहिला, तर सातला तुम्हाला गजर नाही, धूर उठवेल. पाण्याच्या पातळीचा फ्लोट स्विच थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये घ्या. तो नसेल तर झोपेत काहीही तापवू नका.

आता प्रश्न. ऑक्टोबर आणि ऑगस्ट. दोन्ही वेळी मॅशचं तापमान किती होतं ते तुमच्या वहीत असेलच. आंबत असताना बादलीचं किती होतं, ते आहे का?

अर्धवट_अर्डुइनो | १०:५८

बांधा! बिनधास्त बांधा!!

मी न्यू जर्सीत अगदी हेच केलंय. क्राफ्टबीअरपाय हे सॉफ्टवेअर टाकलं, फुकट आहे, ओपन सोर्स आहे. पीआयडी (किती तापवायचं ते ठरवणारं कंट्रोलरचं गणित) ट्यून होईपर्यंत डोकं फिरतं, कारण हर्म्समध्ये उशीर फार. वेटोळ्यातून बाहेर येणारं वर्ट ६७ दाखवतं तेव्हा मॅशच्या मधोमध अजून ६३ असतं. सेन्सर मॅशमध्ये ठेवला तर कंट्रोलर अधाशासारखा तापवत सुटतो, आणि वेटोळ्यात वर्ट ७५ च्या पुढे जाऊन एन्झाइम्स मरतात. म्हणून सेन्सर वेटोळ्याच्या तोंडाशी ठेवायचा आणि धीर धरायचा. हे एकदा जमलं की काय तो आलेख! सरळ रेघ!

आंबवायला आयस्पिंडल टाकतो. जर्मन मंडळींनी काढलेलं ओपन सोर्स खेळणं. प्लॅस्टिकच्या नळीत छोटी वायफायची चिप, कलणं मोजणारा सेन्सर आणि एक बॅटरी. बिअरमध्ये तिरकं तरंगतं. साखर कमी होत जाते तशी घनता कमी होते, तसा कोन बदलतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून घनता १.०५० वरून १.०१२ ला उतरताना बघायची. मीटिंगचं सार्थक होतं.

खरं सांगू, हल्ली बिअर कमी आणि वायरिंग जास्त करतो. पण मजा त्यातच आहे. काहींना ट्रेनचे सेट असतात, मला हे.

पोतेवाला | ११:३०

मेलबर्नहून. इथे आमचं पोत्यातलं काम. एकच मोठं पातेलं, त्यात बारीक जाळीच्या कापडाचं पोतं, पोत्यात मॉल्ट. तासाभराने पोतं वर उचलायचं, निथळू द्यायचं, पिळायचं, त्याच पातेल्यात उकळायचं. ना दुसरं भांडं ना पंप. ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या घरगुती ब्रूअर लोकांनीच रूढ केली, आता जगभर करतात.

पातेल्याभोवती जुनी गोधडी गुंडाळली तर २५-३० लिटरच्या मॅशमध्ये तासाभरात एखाद-दुसरा अंश उतरतो. हे धरून ठेवायला तीन हजार डॉलर? ६४ ला मॅश केला तर बिअर थोडी कोरडी, हलकी. ६९ ला केला तर जरा भरीव. मधल्या एका अंशाचा फरक जिभेला कळतो म्हणणारा माणूस मला दाखवा, त्याला मी माझं पोतं बक्षीस देतो.

सात्त्विक_सदाशिव | ११:४१

मराठी संकेतस्थळावर दारू गाळण्याच्या कृती! छान चाललंय. उद्या गांजाच्या लागवडीचा धागा येईल.

वर्टमान | ११:५५

सदाशिवराव, गाळत काहीच नाही. गाळणं म्हणजे डिस्टिलेशन, ते इथेही घरी करायला बंदीच आहे. बिअरची परवानगी राष्ट्राध्यक्ष कार्टरसाहेबांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने दिली, १९७९ पासून लागू. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००, आणि विकायची नाही. शेवटची अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यंही २०१३ मध्ये आली.

चार_ते_वीस काका, बादलीचं तापमान कधी मोजलं नाही. तळघर आपलं थंडच असतं.

चार_ते_वीस | १२:१०

‘आपलं थंडच’ हे एकक आमच्या काळी नव्हतं.

तळघरात थर्मामीटर लावा. ऑगस्टमध्ये तिथे २३-२४ असणार. आणि यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडतं, पहिल्या दोन-तीन दिवसांत बादलीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा ३ ते ५ अंश वर जातं. म्हणजे तुमचं यीस्ट २७-२८ ला राबत होतं. ज्या पाकिटावर १८ ते २२ लिहिलेलं असतं ते यीस्ट. पिकलेलं केळं आणि नेलपॉलिश म्हणजे एस्टर (यीस्टने केलेली वासाची रसायनं), आणि प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी डोकं धरलं असेल तर फ्यूजेल, म्हणजे जड जातीचं अल्कोहोलही. ऑक्टोबरमध्ये तळघर १६-१७, बादली २०. झाली की छान बिअर.

हर्म्स लावून मॅश अर्ध्या अंशात धरला असता तरी ऑगस्टची बिअर अशीच झाली असती.

फ्रांकोनियाकर | १२:४८

मी न्यूर्नबर्गला असते. घरी बिअर करते (इथे घरच्यापुरती केली तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत कर नाही). हाताने करण्याबद्दल एक सांगायचंय.

इथून उत्तर-पूर्वेला, चेक सीमेकडे ओबरफाल्त्स भागात त्सॉइगल नावाची बिअर मिळते. विंडिशएशेनबाख, नॉयहाउस, फाल्केनबर्ग, मिट्टरटाइश, एस्लार्न अशा गावांत सार्वजनिक ब्रूहाउस आहेत, पंधराव्या शतकापासूनची परंपरा. ब्रू करण्याचा हक्क माणसाला नाही, घराला. खाली लाकडं पेटलेली, वर तांब्या-लोखंडाची मोठी भांडी. उकळलेलं वर्ट रात्रभर उथळ, उघड्या हौदात गार होतं आणि सकाळी घरवाला ट्रॅक्टरला टाकी जोडून आपल्या तळघरात नेतो. यीस्ट तिथे पडतं. बिअर तयार झाली की घराबाहेर सहा टोकांची चांदणी टांगायची, म्हणजे आज यांच्याकडे बसायचं.

मी गेले तेव्हा एक आजोबा मॅशमध्ये लाकडी वल्ह्यासारखा दांडा फिरवत होते. थर्मामीटर भिंतीला होता, त्याच्याकडे बघताना त्यांना मी तरी पाहिलं नाही. विचारलं तर म्हणाले, तिसरा हिस्सा काढून उकळायचा आणि परत ओतायचा, बाकी आपोआप होतं. घरी येऊन हिशेब केला: दोन भाग ५० अंशांचे, एक भाग १०० चा, सरासरी ६६-६७. ओतताना थोडी उष्णता जाते, म्हणजे ६४-६५. अगदी हवं तेवढं! डिकॉक्शन म्हणतात याला. थर्मामीटर यायच्या आधी लोक उकळी आणि वाटा, या दोनच गोष्टींवर बिनचूक मॅश करत होते.

आणि गंमत म्हणजे गावाचं ब्रूहाउस एक, भांडी एक, पण घराघरांतली बिअर वेगळी लागते. माझ्या मते तळघरांमुळे.

नवशिका_पुणे | १३:१५

पुण्यात हे करता येईल का? यीस्ट ऑनलाइन मिळतंय, मॉल्टपण. उन्हाळ्यात ३८ अंशात चालणारं क्वाइक नावाचं नॉर्वेचं यीस्ट आहे असं वाचलं, फ्रिजचीही गरज नाही.

चार_ते_वीस | १३:२२

क्वाइकबद्दल बरोबर वाचलंत, ३५-४० ला ते मजेत काम करतं. पण विनापरवाना घरी बिअर करणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, आणि घरी पिण्यापुरती केली तरी सूट नाही. हौस असेल तर मायक्रोब्रूअरीत काम शिका, पुण्यात डूलाली २००९ मध्ये सुरू झाली त्यानंतर बऱ्याच निघाल्या आहेत. ब्रूअर लोक मोकळेपणाने दाखवतात.

तोवर तापमानाचा एखादा कंट्रोलर इडलीच्या पिठाला लावा. डिसेंबरात पुण्यात पीठ फुगत नाही ही तक्रार घरोघरी आहे.

धायटी | १३:५०

मी वैद्य आहे, बिअरमधलं कळत नाही, पण हा मुद्दा ओळखीचा वाटला म्हणून लिहिते. आसव-अरिष्टं म्हणजे आंबवलेलीच औषधं. द्राक्षासव, दशमूलारिष्ट. अरिष्टात काढा करून घ्यायचा, आसवात बहुधा काढा नसतो. मग गूळ किंवा मध आणि धायटीची फुलं घालून भांड्याचं तोंड माती लावलेल्या कापडाने बंद करायचं. फुलांवरचं यीस्ट काम करतं. त्यानंतर ग्रंथात सांगितलंय ते महत्त्वाचं: भांडं धान्याच्या राशीत नाहीतर जमिनीत पुरून ठेवायचं, पंधरवडा, महिना. दिवसा-रात्रीचा, पावसा-उन्हाचा फरक आत पोचू नये म्हणून. काढ्याच्या आचेबद्दलही सूचना असतात, पण खरी काळजी पुढची.

खवय्या_नं_१ | १४:०२

वैद्यताई, हे आवडलं. धान्याची रास म्हणजे त्या काळचा इन्क्युबेटर. (दशमूलारिष्टाचा चमचा वाढवावा म्हणतो.)

अर्धवट_अर्डुइनो | १४:२०

सगळे मिळून माझ्या पॅनेलवर उठलेत :)

पण वर्टमान यांची हिवाळ्याची अडचण खरी आहे ना? प्रोपेन बाहेर, बाहेर उणे २०. वीज घरात आणल्याशिवाय सुटका नाही. आणि काकांनी घाबरवलं तरी मी म्हणेन, बांधण्यात जो आनंद आहे तो बांधल्याशिवाय कळत नाही.

चार_ते_वीस | १४:४५

वीज आणा, जरूर आणा. फक्त वीज म्हणजे ऑटोमेशन नव्हे. तुमच्याकडे जानेवारीत नळाचं पाणी ५ अंशांच्या आसपास असेल. ३० लिटर पाणी ५ वरून ७२ ला न्यायला साधारण २.३ युनिट लागतात. घरातल्या साध्या १५०० वॉटच्या हीटरवर दीड तास. ५५०० वर २५ मिनिटं. उकळीलाही तोच फरक. तुमचा वेळ इथे वाचेल, आणि त्याला एक एलिमेंट, एक नॉब आणि एक थर्मामीटर पुरतो. रास्पबेरी पायचा त्यात काही वाटा नाही.

तळघरात उकळणार असाल तर तासाला तीन-चार लिटर पाण्याची वाफ होते. ती छताच्या लाकडात जाईल, बुरशी धरेल. पंख्याचं धुराडं किंवा वाफ थंड करणारं झाकण लागेल. हा खर्च तीन हजारांत धरलाय का?

धुणंभांडी | १५:१०

सगळे पुरुष मॅश आणि उकळीबद्दल बोलताहेत. धुणार कोण?

मी आणि नवरा दोघं मिळून करतो, सिअ‍ॅटलला. आधी हाताने, मग सगळं एकाच भांड्यात करणारं विजेचं तयार यंत्र घेतलं. ब्रू करायचे सहा तास म्हणतात त्यातला तास-दीड तास घासण्यात जातो. पातेलं आणि कूलर घासायला सोपे. पंप, व्हॉल्व्ह, वेटोळं, टी-जोड, प्लेटचं चिलर, यांच्या आत हात जात नाही. हॉप्सचा चोथा प्लेटांच्या मध्ये अडकला की गरम कॉस्टिक उलटं-सुलटं फिरवत बसा. बॉल व्हॉल्व्ह तर खोलूनच बघावा, आतल्या कोपऱ्यात काळसर खळ निघते. उकळीच्या आधीच्या भागात ती फार नडत नाही, पण गार वर्ट जातं तिथे असेल तर पुढची बिअर आंबट.

यंत्र वाढलं की भांडी वाढतात. एवढंच.

बुडबुडा | १५:३५

धुणंभांडी ताईंना +१.

तयार यंत्रांबद्दल सावध करतो. तुमच्याच सिअ‍ॅटलच्या पिकोब्रूचं उदाहरण घ्या. २०१३ मध्ये किकस्टार्टरवर झायमॅटिक आलं, पुढे कॉफीच्या कॅप्सूलसारखी पाकिटं घालायची छोटी यंत्रं काढली. यंत्र इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरशी बोलायचं, पाककृती तिथून यायची. २०२० मध्ये कंपनी बंद पडली. पाकिटं संपली, सर्व्हरचा भरवसा गेला. पुढे हौशी लोकांनीच त्या सर्व्हरची नक्कल लिहिली आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवरून यंत्रं चालवली. ज्यांना ते जमत नव्हतं त्यांच्याकडे स्टीलचा महागडा डबा राहिला. तेव्हा यंत्र घ्या, पण सर्व्हर मेला तरी पाणी तापलं पाहिजे असं घ्या.

वर्टमान | रविवार, सकाळी ८:३०

काल रात्री वही काढून बसलो. मॅशची तापमानं लिहिलेली आहेत, ६६ ते ६७.५ च्या बाहेर एकही नाही. तळघरात थर्मामीटर लावला, आत्ता २२ दाखवतोय. काकांचा अंदाज बरोबर दिसतोय.

तरी एक शंका. आपल्याला फरक खरंच कळतो का, की ऑगस्ट म्हटल्यावर मनानेच केळं लागतं? माझ्याकडे दोन्हीच्या बाटल्या आहेत.

चार_ते_वीस | ९:००

ही शंका शंभर नंबरी. तीन पेल्यांची चाचणी घ्या. तीन पेले, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, वेगळा कुठला ते ओळखायचं. पेले अपारदर्शक, क्रम दरवेळी बदललेला, आणि ओतणारा माणूस चाखणाऱ्यासमोर नको, तोंडावरून कळतं. नुसत्या अंदाजाने तिसरा हिस्सा लोक बरोबर येतातच. १२ जणांना दिलंत तर किमान ८ जणांनी ओळखलं पाहिजे, तर फरक आहे म्हणायचा.

रच्याकने, थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढायचा हे गणितच मुळात बिअरच्या कारखान्यातून आलंय. डब्लिनच्या गिनेसमधले गॉसेट. १९०८ मध्ये निबंध छापला, पण कंपनीमुळे नाव न देता ‘स्टुडंट’ या टोपणनावाने. तीच स्टुडंटची टी-टेस्ट.

पोतेवाला | ९:२५

१२ माणसं फुकट बिअर प्यायला मिळणं मेलबर्नला तरी अवघड नाही. मिनेसोटाचं माहीत नाही.

फ्रांकोनियाकर | ९:५०

काका, तुम्ही कारखान्यात होतात. तिथे तर सगळं स्वयंचलित असेल ना?

चार_ते_वीस | १०:२०

ब्रूहाउस पूर्ण. व्हॉल्व्ह, पंप, वाफ, सगळं पीएलसीवर (कारखान्यातला कंट्रोल कॉम्प्युटर). मॉल्ट सायलोतून स्वतः वजन होऊन यायचा. कंट्रोल रूममध्ये एक माणूस आणि चहा.

पण ब्रूमास्टर कंट्रोल रूममध्ये कमी बसायचे. लॉटर टनमधून (वर्ट निथळायचं जाळीच्या तळाचं भांडं) वर्ट निघायला लागलं की बाहेर येऊन नळीतल्या काचेसमोर बॅटरी धरून उभे राहायचे. गढूळपणा मोजायचं मीटर शेजारीच होतं, आम्हीच लावलेलं. तरी बघायचे. एकदा मीटर ठीक दाखवत होतं आणि ते म्हणाले, थांबवा, थर बसतोय. पाच मिनिटांनी दाबाचा फरक वाढायला लागला. मी विचारलं कसं कळलं, तर म्हणाले पंपाचा आवाज कोरडा झाला. मी कान लावून ऐकला, मला काही वेगळं वाटेना.

मॅशचा थर असा बसला की घरच्या हर्म्समध्ये काय होतं, अर्डुइनोसाहेब सांगतील.

अर्धवट_अर्डुइनो | १०:४०

सांगतो. पंप ओढत राहतो, थर आणखी घट्ट होतो, वेटोळ्यातलं वर्ट जागेवर थांबतं. सेन्सरला वाटतं सगळं थंड आहे, तो आणखी तापवतो. गव्हाची बिअर असेल तर हे ठरलेलं, कारण गव्हाला टरफल नसतं. मूठ-दोन मूठ भाताची टरफलं घालायची आणि पंपाच्या बाहेर जाणाऱ्या बाजूचा व्हॉल्व्ह अर्धा मिटून ठेवायचा. फ्लो स्विच लावलाय, तो वर्ट थांबलं की हीटर तोडतो. लावायलाच हवा.

तरीही बांधा म्हणतो मी.

वर्टमान | रविवार, रात्री ९:१५

अपडेट. चाचणी पुढच्या आठवड्यात, माणसं जमवतोय. पण वाट न बघता दुपारी क्रेगलिस्टवरून (जुन्या सामानाच्या जाहिरातींची साइट) ७ घनफुटांचा जुना चेस्ट फ्रीझर उचलून आणला. सोबत इंकबर्डचा दोन सॉकेटचा तापमानाचा कंट्रोलर मागवलाय, एकात फ्रीझर, दुसऱ्यात गरम करायचा पट्टा. चाळीस डॉलरच्या आत मिळाला. हिवाळ्यासाठी तळघरात फक्त एक एलिमेंट आणि नॉब, धुराड्याची चौकशी करतोय. तीन भांडी आणि रास्पबेरी पाय तूर्तास पुढे ढकललं. अर्डुइनोसाहेब, रागावू नका, पॅनेल कधीतरी बांधीनच, ते माझ्याही डोक्यातून गेलेलं नाही.

प्रश्न: सेन्सर फ्रीझरच्या हवेत सोडायचा की बादलीत?

चार_ते_वीस | ९:३०

हवेत नको. झाकण उघडलं की हवा लगेच तापते, कॉम्प्रेसर उगाच धावतो, आणि बादलीच्या आत काय चाललंय ते कळतच नाही. बादलीच्या बाहेरच्या बाजूला, बिअरच्या पातळीच्या मध्यावर टेपने चिकटवा. वरून स्पंजचा जाड तुकडा, म्हणजे सेन्सरला बादलीचं तापमान लागेल, हवेचं नाही. थर्मोवेल (बिअरमध्ये बुडणारी, सेन्सर आत घालायची बंद नळी) असेल तर आणखी छान.

कॉम्प्रेसरला किमान तीन मिनिटांचा उशीर ठेवा, नाहीतर वारंवार चालू-बंद होऊन जळेल. चालू-बंद होण्यातला फरक अर्धा अंश पुरे. एल १८ ला सुरू करा, चौथ्या दिवसानंतर २० ला न्या. आत दमट होईल, तळाशी ओलावा शोषणारी डबी ठेवा, नाहीतर झाकणाच्या रबराला बुरशी धरते. आणि चेस्ट फ्रीझरमध्ये भरलेली बादली उचलून ठेवताना कंबर सांभाळा, १९ लिटर म्हणजे २० किलोच्या वर.

धुणंभांडी | ९:४४

बादली आधी आत ठेवायची, मग त्यात वर्ट ओतायचं. कंबर वाचते.

बुडबुडा | ९:५१

वर्टमान, ते दुसरं ५५०० वॉटचं एलिमेंट घ्यायचं आता राहिलंच. पण पहिल्याचंही लगेच काम नसेल आणि विकायचा विचार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शिकागोपर्यंत कुरिअर मी भरतो.

अर्धवट_अर्डुइनो | ९:५३

अहो, मी आधी विचारणार होतो.